काचेचे कौल

आमच्या नानीचे आजवर तीनच फोटो निघाले होते. एक मतदार ओळखपत्रावरचा, दुसरा रेशनकार्डावरचा आणि तिसरा आधारचा. तिन्ही फोटो परक्या माणसांनी काढलेले, तिन्हींच्या पाठीमागे पांढरा पडदा, आणि तिन्हींत नानी अशी समोर बघते आहे की जणू कुणी तिच्यावर चोरीचा आळ घेतला आहे. ऐंशी वर्षांच्या आयुष्याची एवढीच चित्रे. त्यांत ना तिचे घर, ना तिचे हात, ना तिच्या ओठांच्या कोपऱ्यात सदैव असणारे ते मिस्कील हसू.

हे आमच्या लक्षात यायलाही वेळ लागला. घरात कॅमेरा आल्यावर कळले की नानीचा फोटो नसण्यामागे नुसती गरिबी नव्हती, नुसता पडदाही नव्हता. एक कारण अगदी साधे होते. नानीचे आयुष्य घराच्या ज्या भागात गेले, तिथे फोटो निघण्याइतका उजेडच नव्हता.

नानीचे घर दापोली तालुक्यात, खाडीच्या काठी. कोकणातली जुनी घरे वाचकांना ठाऊक असतीलच. पुढे अंगण, मग ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर. ओटीवर उजेड भरपूर. तिथे पुरुषमंडळी बसायची, पाहुणे यायचे, मुंबईहून आलेली पत्रे वाचली जायची. माजघराला मात्र एकही खिडकी नाही. बाळंतपणे तिथे, आजारपणे तिथे, मुलींच्या मेहंदीच्या रात्री तिथे, आणि मयत झाली की बायकांचे रडणेही तिथेच. उजेडाला एकच वाट होती. छपरातल्या मातीच्या कौलांत बसवलेले एक काचेचे कौल. त्यातून उन्हाचा कवडसा जमिनीवर उतरायचा आणि दिवसभर सरकत राहायचा. नानी त्या कवडशाबरोबर आपला पाट सरकवायची. तिच्या घरात घड्याळ उशिरा आले. कवडसा उखळापाशी आला की ती जोहरच्या वजूला उठायची.

इथे एक खुलासा करून टाकतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दिवसभर मुलींशी ‘हम’ म्हणत बोलायची सवय, त्यामुळे मराठी लिहिताना लेखणीतून ‘मी’ उतरत नाही. तेव्हा ‘आम्ही’ म्हणजे एकच बाई, बी.एड. झालेली, दोन मुलांची आई, मुली जिला आपा म्हणतात ती. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

कॅमेरा मामूंनी कुवेतहून आणला होता. निकॉनचा डी ५२००, आणि त्याच्याबरोबर खोक्यात येते ती १८-५५ ची लेन्स. मामूंना दोन महिन्यांच्या सुट्टीत त्याचा कंटाळा आला आणि तो आमच्याकडे राहिला. शाळेच्या मैदानावर, खाडीवर, आंब्याच्या मोहरावर त्याने झकास काम केले. आम्हांला वाटले, आपल्याला फोटो काढता येतात.

हा भ्रम २०१७ च्या मे महिन्यात, मोठ्या खालाच्या मुलीच्या मेहंदीला उतरला. माजघरात पंचवीस-तीस बायका, वर एक पिवळा दिवा. बाहेरचा फोटोग्राफर पुरुष, म्हणून त्याला आत येऊ द्यायचे नाही, असे आधीच ठरले होते. सगळ्यांनी आमच्याकडे बोट दाखवले. आम्ही कॅमेरा उचलला. फ्लॅश चमकला तशी अर्ध्या बायकांनी पदर तोंडावर ओढला, एक तान्हे रडू लागले आणि नानी म्हणाली, “वीज पडली काय गो?” ज्यांनी तोंड झाकले नाही त्यांचे चेहरे पिठासारखे पांढरे आले आणि मागचे माजघर काळेकुट्ट. फ्लॅश बंद केला तर सगळ्या जणी धुक्यात. नवरीचा हात हलला, मेहंदी लावणारीचा हात हलला, आमचाही हलला असणार. एकशे साठ फोटोंतून तिला द्यायला अकरा निघाले. ती काही बोलली नाही. पण तिच्या सासरी अल्बम पाहिला तेव्हा मेहंदीची पाने कोरीच होती. बाहेरच्या मंडपातले पुरुष मात्र पानोपानी, स्पष्ट.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या डोक्यात बसला. घराच्या आतल्या बायका त्या जशा आहेत तशा, त्यांच्याच उजेडात दिसायच्या असतील तर काय लागते?

शिक्षकाला एक बरे असते. प्रश्न पडला की तो धडा करून टाकतो. दहावीच्या विज्ञानात भिंगांचा धडा आम्ही दरवर्षी शिकवतो. मराठीत भिंग, उर्दूत अदसा. आणि अदसा हा शब्द अरबीतल्या ‘अदस’ वरून आला, म्हणजे मसूर. इंग्रजीतला ‘लेन्स’ हाही लॅटिनमधल्या मसुरावरूनच आला. दोन्हीकडच्या लोकांना मधे फुगीर आणि कडेला निमुळते भिंग पाहून डाळच आठवली. हे सांगितले की मुली हसतात आणि मुहद्दब अदसा म्हणजे काय ते जन्मभर विसरत नाहीत. त्याच तासाला आम्ही इब्नुल हैसमची गोष्ट सांगतो. बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत राहिलेला हा विद्वान. त्याने एक हजार वर्षांपूर्वी ‘किताबुल मनाजिर’ लिहिला. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर बाहेर दिवे ओळीने मांडले, तर आत भिंतीवर तितकेच उजेडाचे ठिपके पडतात, आणि एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका जातो, हे त्याने प्रयोगाने दाखवले. नानीचे माजघर म्हणजे तीच अंधारी खोली. फक्त छिद्राच्या जागी कौल.

मग आम्ही लेन्सच्या कड्यावरचे आकडे नीट वाचले. त्यावर ३.५-५.६ असे लिहिलेले असते. लेन्सचे तोंड किती उघडते त्याचा हा आकडा. आकडा लहान तितके तोंड मोठे, हे उलटे गणित आधी डोक्यात घालावे लागते. भिंगाचे नाभीय अंतर भागिले उघड्या तोंडाचा व्यास, म्हणजे हा आकडा. आमची लेन्स १८ वर असते तेव्हा ३.५ पर्यंत उघडते, पण चेहरा जवळ आणायला ५० च्या पुढे नेली की ५.६ च्या आसपास अडते. ५० मिलिमीटरला ५.६ ने भागले तर व्यास जेमतेम ९ मिलिमीटर. तेच २.८ ने भागले तर १८. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, आणि क्षेत्रफळ चौपट म्हणजे उजेडही चौपट. फळ्यावर दोन वर्तुळे काढून मुलींना विचारले, तर मागच्या बाकावरची मुलगीही हे सांगते.

चौपट उजेडाचा अर्थ काय? माजघरात आयएसओ १६०० ठेवून ५.६ वर फोटो घ्यायचा तर पडदा सेकंदाचा पंधरावा भाग उघडा ठेवावा लागे. तेवढ्यात माणूस श्वास घेतो, मान हलवतो, हसून गंभीरही होतो. २.८ वर तेच काम साठाव्या भागात होते. साठाव्या भागात बोलणारी बाईही बऱ्यापैकी स्थिर मिळते. एवढाच फरक. पण त्या फरकावर नानीचा चेहरा मिळणार की धुके, हे अवलंबून होते.

म्हणजे हवी होती अशी लेन्स जी झूम होईल आणि तरी सगळीकडे २.८ उघडेल. फोटोग्राफर तिला फास्ट झूम म्हणतात. आमचे हे म्हणाले, “मोबाइल आहे ना! आता रात्रीचेही फोटो काढतो.” काढतो, खरे आहे. पण मोबाइल अंधारात एकामागून एक अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो. बसलेल्या माणसाला ते चालते. मेहंदी लावणारे बोट, ढोलकीवरचा हात, मांडीवरचे मूल यांचे त्यात पीठ होते.

दुसरा मार्ग स्वस्त होता. झूम न होणारी एकच माप असलेली लेन्स घ्यायची. ३५ किंवा ५० ची, १.८ पर्यंत उघडणारी. ती २.८ पेक्षाही दुपटीहून अधिक उजेड घेते, हलकी असते आणि किमतीला सोसते. एकट्या माणसाचे फोटो काढायचे असतील तर आम्ही कुणालाही हीच सुचवू. पण दहा बाय बारा फुटांच्या माजघरात तीस बायका मांडीला मांडी लावून बसल्या असताना फोटो काढणारी ना पुढे जाऊ शकते, ना मागे. भिंतीला टेकल्यावर मागे जायचे कुठे? आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ५० ची लेन्स ७५ सारखी दिसते. एका चेहऱ्यात चौकट भरते. तिथे १७ पासून ५० पर्यंत जाणारी झूमच हवी. एका टोकाला सगळे माजघर, दुसऱ्या टोकाला एक चेहरा, आणि आपण जागचे न हलता.

अशा लेन्स होत्या. निकॉनची स्वतःची १७-५५ ही २००३ पासून होती, पण तिची किंमत आमच्यासाठी नव्हती आणि वजन पाऊण किलो. टॅमरॉनने २००६ मध्ये १७-५० आणली, सिग्माने २०१० मध्ये. या दोघींनी सामान्य माणसाला २.८ दाखवले असे म्हणायला हरकत नाही. सिग्माची एक १८-३५ आहे, २०१३ ची, ती सगळीकडे १.८ उघडते. पण ३५ लाच थांबते आणि ८०० ग्रॅमच्या वर भरते. आणि आता कंपन्यांचे सगळे लक्ष आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे आहे. लोक जुने कॅमेरे देऊन नवे घेतात, तेव्हा या जुन्या लेन्स वापरलेल्या मालाच्या बाजारात आमच्यासारख्यांच्या हाताला लागतात. दुसऱ्याची हौस फिटली की शिक्षकाची सुरू होते.

तरीही आम्ही चार-पाच वर्षे काहीच घेतले नाही. शिक्षणसेवक म्हणून महिना आठ हजार मानधनावर काढलेली तीन वर्षे माणूस लवकर विसरत नाही. पगार सुरू झाला तरी हात आखडलेलाच राहतो. कॅमेऱ्याच्या लेन्सवर वीस हजार, हे वाक्य आमच्या तोंडून घरात निघेना.

निसर्ग वादळाने तो प्रश्न सोडवला. ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलेल्या त्या वादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांची काय दशा केली, ते तिथल्या लोकांना विचारावे. नानीच्या घराची निम्मी कौले उडाली. नारळ आडवे झाले. काचेचे कौल मात्र जागच्या जागी राहिले, कसे ते अल्लाला ठाऊक. छप्पर तात्पुरते शाकारले, पण मामूंनी कुवेतहून कळवले की आता दरवर्षी कौलांचा घोर नको, धाकट्या खालाच्या मुलीचे लग्न या घरातून होऊ द्या आणि मग घर उतरवून स्लॅबचे बांधू. बरोबरच होते त्यांचे. पावसात टोपल्या मांडून रात्र काढणाऱ्याला जुन्या घराचे कौतुक सांगू नये. पण आम्हांला एवढे कळले की माजघर आणि त्यातला कवडसा यांना आता मुदत लागली आहे. लग्न डिसेंबर २०२२ चे ठरले.

शाळेतल्या आम्ही बारा जणींची भिशी होती, महिना दोन हजारांची. त्या वर्षी आमचा नंबर लवकर लागला. चोवीस हजार हातात आले. ह्यांनी विचारले, “फ्रीज घ्यायचा ना?” आम्ही म्हणालो, “लेन्स.” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पाणी माठातलं बरं असतं म्हणा.” एवढ्यावर भागले, हे आमचे नशीब.

आणि अशा वेळी माणूस जी चूक करतो ती आम्ही केली. घाई. ओळखीतून एक जुनी १७-५० कळली, अकरा हजारांत. लेन्स चकचकीत, काच स्वच्छ. घरी आणून लावली तर फोकसच होईना. कॅमेरा मुका. दोन दिवस आम्ही लेन्सला दोष दिला, मग कॅमेऱ्याला, आणि शेवटी पुस्तिका काढून वाचली तेव्हा दोष कुणाचा ते कळले. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या आत असते, पण डी ३००० आणि डी ५००० च्या मालिकांतल्या स्वस्त कॅमेऱ्यांत ती नसते. त्यांना अशी लेन्स लागते जिच्या पोटात स्वतःची मोटर आहे. आम्ही घेतलेली आवृत्ती जुनी, बिनमोटरची. तिच्या मागच्या कड्यावर पेचाची बारीक खाच होती. ती कॅमेऱ्यातल्या मोटरची वाट पाहत होती, आणि आमच्या कॅमेऱ्यात मोटर नव्हती. हाताने फोकस करता येतो, पण २.८ वर अंधारात नऊ-दहा हलत्या चेहऱ्यांवर हाताने फोकस साधणे म्हणजे धावत्या एस.टी.त सुईत दोरा ओवणे. लेन्स परत विकली. दोन हजार बुडाले. मुलींना प्रश्न नीट वाचा म्हणून ओरडणाऱ्या आपाने स्वतः प्रश्न वाचला नव्हता.

दुसऱ्या वेळी मात्र तयारीने गेलो. दिवाळीच्या सुट्टीत खेडहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली आणि सकाळी दुकाने उघडायच्या आत फोर्टातल्या बोरा बाजारात हजर झालो. त्या गल्लीत कॅमेऱ्याची दुकाने एकाला एक लागून आहेत. बरोबर कॅमेरा, एक विजेरी आणि कालचा पेपर. एका दुकानातल्या वयस्क काकांनी सिग्माची वापरलेली १७-५० काढून दिली. हिला स्वतःची मोटर आहे आणि हात हलला तर सावरणारी यंत्रणाही.

आम्ही विजेरी लेन्सच्या एका टोकाला धरली आणि दुसऱ्या टोकाने आत डोकावलो. कोकणातल्या माणसाने हे आधी करावे. दमट हवेत काचेला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक, आणि एकदा धरली की घासून जात नाही. थोडी धूळ असली तर हरकत नाही. ती फोटोत येत नाही. मग पेपर भिंतीला चिकटवून २.८ वर फोटो घेतला आणि चारी कोपऱ्यांतली अक्षरे मोठी करून पाहिली. चारी कोपरे सारखेच किंचित मऊ असतील तर तो उघड्या तोंडाचा स्वभाव. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. काका हसून म्हणाले, “टीचर आहात का?” आम्ही विचारले, कशावरून? म्हणाले, “गिऱ्हाईक लेन्स बघतं. तुम्ही पेपर तपासताय.” साडेसतरा हजारांत दिली. उरलेल्यातून गाडीभाडे आणि फ्रीजचा पहिला हप्ता.

लग्नापर्यंत वर्गात सराव केला. त्यात दोन गोष्टी शिकलो. एक, हात सावरणारी यंत्रणा फोटो काढणारीचा हात सावरते, समोरच्याचा नाही. तिच्या भरवशावर पडदा पंधराव्या भागावर ठेवला तर बाके आणि फळा लख्ख येतात आणि मुली भुतांसारख्या. हलत्या माणसाला थांबवते ते उघडे तोंडच. दुसरे, एलईडीच्या दिव्यांचे. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्यात आडवे पट्टे येतात. पडदा पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवला की पट्टे जातात.

डिसेंबरात मेहंदीची रात्र आली. तेच माजघर, तसाच एक दिवा, तेवढ्याच बायका. आम्ही कोपऱ्यात पेटाऱ्याला पाठ लावून बसलो. फ्लॅश नाही म्हणताच पदर सैल झाले. पहिली दहा मिनिटे त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या, मग विसरल्या. एका चाचीने गाणे धरले, दुसरीने त्यात विहिणीच्या नावाने खोडसाळ ओळ घातली, हसू फुटले. आम्ही १७ वर सगळे माजघर घेत होतो, ५० वर एकेक चेहरा. ज्या दोन-तीन वयस्क बायकांना फोटो काढणे पसंत नव्हते त्यांनी आधी सांगितले होते. त्यांच्याकडे कॅमेरा वळवला नाही. पासपोर्टाला आणि हजच्या अर्जाला फोटो द्यावा लागतो म्हणून त्यांनी तो एकदा दिला. आम्ही काही सरकार नव्हे.

सगळे काही साधले असे नाही. तिन्ही बहिणी, म्हणजे अम्मी आणि दोन्ही खाला, एकीमागे एक बसलेल्या फोटोत अम्मी लख्ख आली आणि धाकटी खाला पुसट. तोंड जितके मोठे उघडावे तितकी स्पष्टतेची पट्टी अरुंद होते. पुढचीचे डोळे धारदार तर मागची विरघळते. खालाने फोटो पाहून विचारले, “मुलगी माझी, आणि मलाच पुसलंस?” तिला काय सांगणार, खाला, हा २.८ चा नियम आहे! दुसऱ्या दिवशी तिघींना एका ओळीत बसवून ५.६ वर, ओटीवरच्या उजेडात पुन्हा फोटो काढला. रागही गेला आणि धडाही मिळाला. फास्ट लेन्स घेतली म्हणून ती सदैव उघडी ठेवायची नसते.

चारशे फोटोंतून दोनशे दहा चांगले निघाले. ते सगळे एका कार्डावर भरून नवरीच्या हातात दिले, आमच्याकडे एकही ठेवला नाही. त्या रात्री बायका जशा बसल्या, हसल्या, ते आम्हांला कोपऱ्यात बसू दिले म्हणून दिसले. तो भरवसा लेन्सबरोबर विकत मिळत नाही, आणि एकदा गेला तर बोरा बाजारात मिळत नाही.

नानीचा फोटो मात्र लग्नाच्या रात्री निघाला नाही. तो निघाला रुखसतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. घर रिकामे झाले होते. नानी माजघरात कवडशाच्या कडेला पाट टाकून तांदूळ निवडत बसली होती. ऊन थेट सुपातल्या तांदळावर पडत होते आणि तिथून परतून तिच्या चेहऱ्यावर येत होते, खालून वर, मऊ. स्टुडिओवाले ज्यासाठी पांढऱ्या छत्र्या लावतात ते काम सूपभर तांदूळ करत होते. मागचे माजघर काळोखात, पण त्यातले उखळ, मांडणीवरची तांब्याची कळशी, दाराचा उंबरा सारे कळत होते. आम्ही भिंतीला टेकून बसलो. नानीने एकदा वर पाहिले, ओठांच्या कोपऱ्यात हसली आणि पुन्हा खडे वेचू लागली. तेवढ्यात काढला.

दापोलीत, छापणाऱ्याच्या समोर उभे राहून, त्याची एकच प्रत काढून घेतली आणि नानीला नेऊन दिली. तिने तो चष्मा लावून, मग चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून पाहिला. आम्ही वाट पाहत होतो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “तांदळात खडे दिसतायत गो. मग मी निवडत काय होते?”

लेन्सची याहून मोठी परीक्षा कुणी घेतली नसेल. नानीने फोटो रुमालात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवला, रेशनकार्ड आणि आधारबरोबर. आता तिचे चार फोटो आहेत.

२०२३ चा पाऊस गेल्यावर घर उतरवले. नवे घर चांगले आहे, गळत नाही, प्रत्येक खोलीला सरकत्या काचांची खिडकी आहे. नानीच्या खोलीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखाच उजेड असतो. ती म्हणते, वेळ कळत नाही. आम्ही तिला घड्याळ नेऊन दिले. लेन्स आमच्याकडे हवाबंद डब्यात असते, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्यांचा रंग उतरला की त्या तव्यावर गरम करून पुन्हा ठेवतो. फ्रीजचे हप्ते फिटले.

या लेखाबरोबर छापायला एखादा फोटो द्या, असे संपादकांनी कळवले, तेव्हा आम्ही नानीला विचारले. मनात होते की ती हो म्हणेल. ती म्हणाली, “घरातलं घरात राहू दे.” तेव्हा वाचकहो, नानीचा फोटो तुम्हांला दिसणार नाही. आम्ही दुसरा पाठवला आहे. घर उतरवायच्या आदल्या दिवशी घेतलेला. त्यात माणूस नाही. रिकामे माजघर, सारवलेली जमीन आणि तिच्यावर पडलेला कवडसा. शेजारी नानीचा पाट आहे. कवडसा त्याच्या थोडा पुढे गेला आहे, कारण त्या दिवशी पाट सरकवायला तिथे कुणी नव्हते.